चला न घरी

प्रमिला, तुला घरात घेता आलं नाही. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं भांडण नंतर.

त्या दिवशी सकाळी तुला दवाखान्यातून आणलं. तुझा भाऊ गोंदियाहून निघाला होता, त्याची गाडी दुपारी पोचणार होती. तोवर तुला ठेवायला काचेची थंड पेटी मागवली. चौघांनी ती उचलून आपल्या दारापाशी आणली आणि ती दारात अडकली. सरळ जाईना, आडवी जाईना. आपलं दार केवढं आहे ते तुला माहीत आहे. सिलिंडरवाला प्रत्येक वेळी शिव्या देतच आत यायचा. मागून कुणी तरी म्हणालं, "थोडा तिरछा कर लो, निकल जाएगा." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "आत माणूस आहे, कपाट नाही!" तो बिचारा कोपऱ्यावरचा पानवाला होता. त्यानं मदतीला हात दिला होता, शिव्या खाऊन गेला.

मग गल्लीतच वर कापड बांधलं आणि तुला खाली ठेवलं. आख्खी दुपार तू तुझ्याच घरासमोर पाहुण्यासारखी बाहेर होतीस. बुढापाऱ्याची गल्ली, तुला माहीत आहे, स्कूटरला स्कूटर घासते. त्या दिवशी पोरं गाडी बंद करून, ढकलत, आवाज न करता जात होती.

तीस वर्षांहून जास्त झालं, मी जुने दरवाजे-खिडक्या विकतो. कुठं घर पाडलं जातंय कळलं की जातो, चौखटी उचलतो, घासून-पुसून गोदामात उभ्या करतो. या शहरात किती घरांना माझी दारं आहेत ते मलाच ठाऊक नाही. आणि माझी बायको माझ्या दारातून आत आली नाही. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण गल्लीनं पाहिलं.

तो दोन झडपांचा सागवानी दरवाजा तुला आठवतो. तुला नाही आठवणार तर कुणाला? पितळी कड्यांचा. आपल्याच पाऱ्यातलं, शेजारच्या गल्लीतलं एक घर पडलं तेव्हा मी आणला होता. तू डबा घेऊन गोदामात यायचीस आणि माझं जेवण होईपर्यंत त्याला तेलाचा बोळा फिरवत बसायचीस.

"हा आपल्या घरी लावा न," म्हणायचीस. "दारवाल्याच्या घराले असं दार? लोक हासतात."

"विकायचा माल घरी लावला तर खायचं काय?"

"काहून, एक दरवाजा कमी विकला तर उपाशी मरून जाऊ?"

भिंत थोडी फोडावी लागेल, पावसाळ्याआधी बसवू, असं मी म्हटलं होतं. शब्द दिला होता. आणि गेल्या वर्षी माघात शंकर नगरचा एक माणूस आला, नवं घर बांधत होता, दरवाजा पाहून त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत ते आलं की माझ्यातला नवरा मरतो आणि दुकानदार उठतो. दिला विकून. तू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलीस, तेलाचा बोळा हातात, आणि रिकाम्या जागेसमोर उभी राहिलीस. मी म्हणालो, "याच्याहून चांगला येईल." तू मान हलवून "हव" म्हणालीस आणि तो बोळा खिडकीच्या गजांना पुसून टाकलास. त्यानंतर दरवाज्याचं नाव काढलं नाहीस. तू भांडायला पाहिजे होतंस. भांडली असतीस तर मी तिथल्या तिथे हरलो असतो.

पण तुझी भांडायची पद्धतच नव्हती. तुझी पद्धत एकच, बाही ओढायची.

आपल्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. तेलीबांध्याकडे एक जुनी चाळ पाडत होते. मी सायकल घेऊन गेलो आणि तू सोबत आलीस, लादलेली सायकल मागून धरायला कुणी तरी लागायचं म्हणून. ठेकेदारानं असा भाव सांगितला की मी भडकलो. "ठेवा तुमचं लाकूड तुमच्यापाशी, जाळा आणि शेका!" उठलो. आणि तू माझ्या डाव्या बाहीचा कफ धरून ओढलास. "चला न घरी. काहून भांडून राहिले?" एकोणीस वर्षांची तू, डोक्यावर पदर, उन्हानं तोंड लाल. ठेकेदारानं तुझ्याकडे पाहिलं आणि विरघळला. "अरे भैया, भाभी को काहे धूप में खड़ा रखे हो? जो देना है दे, ले जा."

त्या दिवशी परत येताना मी तुला जिलबी खाऊ घातली आणि म्हणालो, "काय नाटक केलंस! मानलं तुला." तू खाता खाता माझ्याकडे पाहत राहिलीस.

तेव्हापासून मोठा सौदा असला की मी तुला घेऊन जायचो. मी भडकायचो, उठायचो, तू कफ ओढायचीस, समोरचा उतरायचा. आपण कधी ठरवलं नाही, कधी तालीम केली नाही. घड्याळासारखं चालायचं. माझ्या प्रत्येक शर्टाचा डावा कफ आधी फाटायचा. शिंपी विचारायचा, "भैया, बायाँ हाथ से क्या करते हो?" मी म्हणायचो, "तो हात बायकोचा आहे."

या वर्षाची सुरुवात माझ्यापासून झाली. थंडीत गोदामात एक चौखट उचलता उचलता मी खाली बसलो. छातीत दोन स्प्रिंगा बसवून घरी आलो आणि तू माझी जेलर झालीस. मीठ बंद, लोणचं बंद, ओरडणं बंद. मीठ-लोणच्याचं मी सहन केलं. लोणच्याची बरणी तू पिठाच्या डब्यात पुरून ठेवली होतीस. ती मी तिसऱ्या दिवशी शोधली आणि पिठानं माखलेल्या हातानं पकडला गेलो.

"लाज नाही वाटत? मीनूच्या शाळेतले पोट्टे बरे."

"एक फोड, प्रमिला. अर्धी. बरं, नुसता खार."

"इथं सौदा नाही होत," म्हणालीस.

आपली लेक भिलाईहून, तिच्या शाळेतून रजा काढून बापाला पाहायला आली होती. तुम्ही दोघी मला पाहून पोट धरून हसलात. तू खरंच पोट धरलं होतंस. ते मला आता आठवतं. तेव्हा वाटलं, हसते आहे.

ओवा तू तेव्हापासूनच खात होतीस. चिमूट चिमूट, गरम पाण्यासोबत. मी चिडवायचो, "बकरी झालीस का?" तू म्हणायचीस, "ग्यास आहे." प्रमिला, मी लाकडाला टिचकी मारून आतली वाळवी ओळखतो. समोरच्या माणसाच्या गळ्याचं हाड हललं की सांगतो याला किती गरज आहे. आणि तू माझ्या डोळ्यांसमोर पाच महिने ओवा खाल्लास आणि मला कळू दिलं नाहीस. माझं हृदय कच्चं होतं म्हणून. कुणी सांगितलं होतं तुला? मी अर्ज केला होता? हा माझा तुझ्यावरचा पहिला राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

होळीनंतर आपण पुरीला गेलो. हट्ट तुझा. "तुमी मरता मरता वाचले, मी समुद्र नाही पाहिला, दोन्ही कामं करून घेऊ." डब्यातली म्हातारी विचारत होती, दर्शनाला चाललात का, आणि तू म्हणालीस, "नई दीदी, हम तो पानी देखने जा रहे." तिनं तुला वेडी समजून तिच्या डब्यातला चिवडा दिला.

आणि पाणी पाहून तू काय केलंस? काही नाही. साडी वर खोचून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आपला बुढा तलाव याच्यात किती वेळा मावंल?" मी म्हटलं, मोजून सांगतो. तू म्हणालीस, "राहू द्या, भाव कराल." मग लाट आली आणि दोघं बुडावर आपटलो. माझ्या शर्टाच्या खिशात वाळू, तुझ्या अंबाड्यात वाळू. एवढं हसलेलो आपण मीनूच्या लग्नातही नव्हतो.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या दुकानात त्या शिंपल्यांच्या दिव्यावर तुझं मन गेलं. मी खिशात हात घातला तर तू अडवलंस. "आज मी भडकते. तुमी ओढा." काय भडकलीस! "कायका शंख है ये, समुंदर में फुकट में पड़ा रहता!" बाई, तुझं हिंदी ऐकून तो दुकानदारच घाबरला. तू पाय आपटत निघालीस आणि मी तुझा पदर ओढून म्हणालो, "चला न घरी." मला हसूच आवरेना. दुकानदारही हसायला लागला आणि एक पैसा उतरला नाही. दिवा त्याच्याच भावात घ्यावा लागला.

परत येताना तू म्हणालीस, "तुमाले ओढता येत नाही."

"काहून?"

"ओढणाऱ्याले खरंच घरी जायचं असावं लागते."

मी तेही हसण्यावारी नेलं. वाटलं, कारागीर आपल्या कारागिरीची फुशारकी मारतो आहे.

वैशाखात तू भाकरी थापता थापता ओट्यावर वाकलीस ती सरळ झाली नाहीस. मग सोनोग्राफी, मग मोठा दवाखाना, मग स्वादुपिंड हा शब्द. माणसाच्या पोटात असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. सुया झाल्या, केस गेले, तू मीनूचा जुना स्कार्फ बांधून "मी कशी दिसते, फटफटीवरच्या पोट्टीसारखी?" म्हणायचीस. मी रोज कुणाशी तरी भांडायचो. खिडकीवरच्या बाईशी, लिफ्टवाल्याशी, ज्याला दोन वेळा सुईसाठी नस सापडली नाही त्याच्याशी. भांडण हेच माझं औजार. दुसरं काही मला कुणी शिकवलंच नाही.

आणि मग तो दिवस, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे.

डॉक्टरसमोर मी खुर्चीवर आणि तू माझ्या डाव्या हाताला, चाकाच्या खुर्चीत, मागं मीनू उभी. डॉक्टर चांगला माणूस होता, हे आज म्हणतो. त्यानं फाइल बंद केली. "अंकल, अब आंटी को घर ले जाइए. दर्द की दवा हम देंगे. और सुई से तकलीफ ही बढ़ेगी."

मी उठलो. "घर ले जाइए मतलब? तुमचा माल संपला काय? एवढा मोठा दवाखाना कशाला उघडून बसले मग? मी दुसरीकडे नेतो, नागपूरला नेतो!"

आणि माझा डावा कफ ओढला गेला.

"चला न घरी," तू म्हणालीस.

प्रमिला, माझ्या हाताला सवय होती. कफ ओढला गेला की मला कळायचं, आता समोरचा उतरणार. अजून एक पाऊल दाराकडे टाकायचं. मी टाकलं. आवाज अजून चढवला. तू पुन्हा ओढलंस, दोन वेळा. डॉक्टरनं तुझ्याकडे पाहिलं, अगदी त्या ठेकेदारासारखं. त्याचा चेहरा उतरला. "ठीक है अंकल, बैठिए. एक बार और कोशिश कर लेते हैं."

बाहेर आल्यावर मी तुझ्या खुर्चीसमोर वाकून म्हणालो, "पाहिलं? उतरला की नाही?"

तू माझ्या कफाची गुंडी लावलीस. ओढताना ती निघाली होती. तुझ्या बोटांत जोर नव्हता, खूप वेळ लागला. मग "हव" म्हणालीस.

त्यानंतर एकोणीस दिवस तू तिथंच होतीस. नळ्या, उलट्या, हाताला सूज. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. तू विचारायचीस, तुळशीला पाणी कोण घालते? मी म्हणायचो, घरी गेल्यावर तूच घाल. मला वाटायचं, मी तुला हिंमत देतो आहे. विसाव्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी खाली चहा घेत होतो.

परवा तुझ्या जलदानाचा विधी झाला. सगळे गेल्यावर मीनू स्वयंपाकघरात डबे आवरत होती. ओव्याचा डबा तिच्या हातात आला आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुझी आई काही बोललीच नाही! पाच महिने पोट दुखलं, बोलली नाही. दवाखान्यात राहायचं नव्हतं तर तेही बोलली नाही!"

मीनू तुझ्यासारखी शांत नाही, माझ्यावर गेली आहे. तिनं डबा आपटला. "बोली थी पापा. आपका हाथ पकड़ के बोली थी. मैं वहीं खड़ी थी."

मी आडवा झालेला डबा उचलून सरळ केला.

"उस दिन शाम को मैंने कहा, आई, मैं पापा को बोल दूँ क्या, कि तुम्हें सच में घर जाना है? तो मना कर दी." आणि मग माझी मुलगी, जी माझ्याशी पंधरा वर्षांत मराठीत एक वाक्य बोलली नाही, तुझं वाक्य तुझ्याच आवाजात बोलली. "लढू दे त्याईले. नाही लढले तर जन्मभर म्हणतील, मी काहीच केलं नाही. माह्यं काय, थोडेच दिवस आहेत."

म्हणजे तुला कळलं होतं. मी चुकीचं समजलो हे तुला त्या खोलीतच कळलं होतं, आणि तू कफ सोडून दिलास. मला सूट दिलीस. तुझ्या घरी येण्यातून कापून दिलीस. मी जन्मभर लोकांकडून सूट ओढून घेतली आणि अभिमानानं सांगितली. ही एक मी मागितली नव्हती, प्रमिला. ही घेऊन मी काय करू? ही परतही करता येत नाही. हा दुसरा राग. पहिल्याहून मोठा आहे.

आणि त्याच रागाच्या मागं लगेच हेही येतं, की त्या एकोणीस दिवसांत मी रोज सकाळी काही तरी करायला म्हणून उठलो. आज नागपूरच्या डॉक्टरला फोन, आज अमक्याला भेट. हात रिकामे नव्हते. ते तू दिलंस. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतीस, आणि मी तुला ओळखत नव्हतो. तू प्रत्येक वेळी खरंच म्हणत होतीस का? तेलीबांध्याच्या उन्हात, त्या पहिल्या दिवशी, नवी नवरी, रस्त्यावर ओरडणाऱ्या नवऱ्याची लाज वाटून तू म्हणाली होतीस, चला न घरी. आणि मी त्याला नाटक म्हटलं आणि जिलबी खाऊ घातली. त्यानंतर ज्या ज्या वेळी तू ओढलंस, त्या सगळ्या वेळी तुला फक्त घरी जायचं होतं?

हे विचारायचं राहिलं. मला भीती वाटते की मी उत्तर ऐकूनही भाव केला असता.

आज सकाळी मी शंकर नगरला गेलो. त्या दरवाज्यासाठी. मला माहीत आहे, आता त्याचा उपयोग नाही. तरी गेलो. तुझा दरवाजा तिथं बसला आहे, पॉलिश केला आहे, कड्या चमकतात. मालकानं ओळखलं, आत बोलावलं, त्याच्या बायकोनं पाणी आणलं.

सौद्यात एक वाक्य कधी बोलू नये. ते मी सगळ्यांना शिकवत आलो. माल पाहिजे आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "मला हा दरवाजा पाहिजे."

बोललो आणि कळलं की हे वाक्य माझ्या तोंडातून पहिल्यांदाच निघालं. तुलाही मी कधी म्हणालो नाही. दवाखान्यात सगळ्या जगाला ओरडून सांगितलं, हिला सुई द्या, हिला खाट द्या, हिला मोठा डॉक्टर द्या. तुझ्याकडे तोंड करून एकदाही म्हणालो नाही की प्रमिला, मला तू पाहिजेस.

मालक म्हणाला, "भैया, वो तो अब लग गया है. चौखट सीमेंट में जम गई. निकालेंगे तो दीवार टूटेगी. दूसरा कोई देख लो."

इथं मी उठायला पाहिजे होतं. भडकायला पाहिजे होतं. मी तसाच बसून राहिलो. उठलो असतो तर मागून ओढायला कुणी नव्हतं. त्याची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मला कळेना की आता इथून निघायचं कसं. इतक्या वर्षांत मी कुठल्याच मोठ्या सौद्यातून एकटा उठून बाहेर पडलो नव्हतो.

शेवटी त्या दरवाज्याला हात लावला. तू तेल लावायचीस त्या खालच्या पट्टीला. मग माझ्याच उजव्या हातानं डाव्या बाहीचा कफ धरला, आणि घरी आलो.